टिपणीस बाई आणि दुपारचं नेट

नेट फार स्लो चाललंय असं टिपणीस बाईंना कुणी सांगितलं, की त्या आधी त्या माणसाला खुर्चीवर बसवायच्या आणि मग विचारायच्या, "कधीपासून?" या साध्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सोसायटीत कुणाकडेच नसायचं. दुसऱ्या मजल्यावरचे मल्होत्राजी "हमेशा से" म्हणायचे. मी म्हणालो होतो, परवापासून, नाही, बहुतेक मागच्या महिन्यापासून. बाईंना असली उत्तरं चालायची नाहीत. सकाळी की दुपारी, कुठल्या खोलीत, त्या वेळी घरात आणखी कोण काय करत होतं, हे सगळं त्या एकेक करून काढून घ्यायच्या. आपण नेटची तक्रार घेऊन आलोय की पोटदुखीची, अशी शंका समोरच्याला यायला लागायची.

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि मी तिसऱ्या, बरोबर त्यांच्या खाली. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, तक्रारींच्या टेबलावर झाली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षं काढून निवृत्तीनंतर त्या इकडे आल्या. लग्न केलं नव्हतं आणि का नाही केलं, हे विचारण्याची कुणाची टाप नव्हती. अंगकाठी बारीक, केस आखूड कापलेले, सुती साडी, आणि हातात एक स्टीलचा गोल डबा. कुणाला वाटावं, लाडू आणलेत. त्या डब्यात पाच मीटर लांबीची नेटची वायर गुंडाळून ठेवलेली असायची. राउटरला त्या डबी म्हणत. "तुमची डबी कुठे ठेवलीय, दाखवा," असं म्हणत त्या घरात शिरायच्या.

त्यांची माझी खरी ओळख माझ्या फजितीतून झाली. मी सरकारी खात्यात अनुवादक आहे आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. नेट रडतखडत चालायचं. मी कंपनीला चांगलं पानभर जळजळीत पत्र लिहून ठेवलं होतं, आणि अनुवादकाला पत्र लिहायची संधी मिळाली की तो विशेषणांत हात आखडता घेत नाही. बाई सहज खाली आल्या होत्या. मी त्यांना ते पत्र मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, वर जाऊन डबा आणला, माझा कॉम्प्युटर त्या वायरनं सरळ राउटरला जोडला आणि स्पीड मोजायला सांगितला. पैसे भरले होते तेवढाच्या तेवढा स्पीड आला. मग वायर काढून पुन्हा मोजायला सांगितला, तर पाव. राउटर आणि माझं टेबल यांच्या मधोमध आमचं लोखंडी कपाट उभं होतं, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. कंपनी बिचारी दारापर्यंत सगळं नीट आणून देत होती आणि ते आत घ्यायला मीच वाट ठेवली नव्हती.

"आधी आपलं टोक तपासायचं," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्याच्या टोकाला हात लावायचा."

हे त्यांचं एक्स्चेंजमधलं शिक्षण होतं. तक्रार आली की पहिली तपासणी एक्स्चेंजच्या आत करायची, तिथे सगळं ठीक असेल तरच लाईनमनला उन्हात पिटाळायचं. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मगच मोजायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही. ही दहा मिनिटं मला फार जड जायची. माझा स्वभाव असा, की काही बिघडलं की चार बटणं एकदम दाबायची आणि वर एक थाप मारायची. बाई मात्र त्या दहा मिनिटांत चहा घ्यायच्या आणि माझ्या मुलीशी मराठीत गप्पा मारायच्या. इराचा जन्म दिल्लीतला, तिचं मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरतं. बाई तिला सुधारत बसायच्या नाहीत. तोच शब्द आपल्या बोलण्यात दोनदा घालायच्या आणि पुढे जायच्या. तो शब्द आठवड्याभरात इराच्या तोंडात आलेला असायचा.

बाईंनी आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, तोसुद्धा नावापुरता. मल्होत्राजी सोसायटीच्या बाकावर बसून नेट कंपनीच्या कस्टमर केअरच्या मुलीला फोनवर वाट्टेल ते सुनावत होते. सगळे मजा बघत होते, मीही त्यात होतो. बाई भाजी घेऊन आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मल्होत्राजींच्या हातातून फोन सरळ काढून घेतला. त्या मुलीला त्यांनी नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, मग तक्रार तीन वाक्यांत सांगितली. फोन परत देताना म्हणाल्या, "मल्होत्राजी, उस कुर्सी पर मैं इकतीस साल बैठी हूँ. गाली सुनने के बाद आदमी को तार नहीं दिखता, सिर्फ गाली सुनाई देती है." मल्होत्राजी तसे दिलदार माणूस. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन लाईन दुरुस्त करून गेला, तेव्हा त्यांनी बाईंच्या घरी गरम जिलब्या पाठवल्या.

आता दुलयांचं सांगतो. बाईंचे हात कधी रिकामे राहत नसत. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून, मध्ये पातळ कापूस भरून त्या लहान लहान गोधड्या शिवायच्या. दिल्लीची धूळ तर कुणाला सांगायला नको. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. आपल्या मराठी घरांत मिक्सरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत प्रत्येक वस्तूला कपडे घालायची रीत आहेच. तेव्हा राउटर उघडा बसलेला बाईंना बघवेना. त्यांनी त्याच्या मापाची टोपडीवजा दुलई शिवली, मागे तारांना जागा ठेवून. पहिली त्यांच्या स्वतःच्या डबीला, दुसरी आमच्या. मग सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, कुणाकडे बारसं झालं, की बाईंची दुलई ठरलेली. थंडीच्या दिवसांत अशा सतरा घरांत सतरा दुलया पोचल्या. दिसायच्या फार गोड, आणि त्यावर धूळ बसली की धुऊन टाकता यायच्या.

त्यातली एक सहाव्या मजल्यावर शबाना मुजावरकडे गेली. शबाना सोलापूरची. तिचा नवरा इम्तियाज विमानतळावर नोकरीला, म्हणून ही मंडळी द्वारकेत आली. आल्यावर वर्षभरात मुलगी झाली, झोया. शबाना इमारतींचे नकाशे काढते. बाळंतपणात तिची आधीची नोकरी सुटली होती, आणि आता पुण्याच्या एका फर्मनं तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घरून काम दिलं होतं. दुपारी अडीच-तीनला साईटवरून मोठमोठ्या फाईली यायच्या. त्या उतरवून, दुरुस्त्या करून सहापर्यंत परत पाठवायच्या. तीन महिने नीट गेले तर वर्षाचा करार.

मार्च, म्हणजे पहिला महिना, छान गेला. एप्रिल सरता सरता दुपारचं नेट झोपायला लागलं. दहा मिनिटांत उतरणारी फाईल दीड दीड तास घ्यायची, मध्येच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. सहाव्या मजल्यावर मोबाईलचा डेटाही धड पोचत नव्हता. नकाशे उशिरा जायला लागले. पुण्याच्या साहेबांनी दोनदा समजून घेतलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं की असंच चाललं तर महिनाअखेर आपण थांबू. त्या दिवशी शबाना आमच्याकडे येऊन रडली. म्हणाली, "दादा, नोकरी गेली त्याचं एवढं नाही. पण ते म्हणणार, मूल झालं म्हणून हिच्याच्यानं जमलं नाही. आणि ते कायमचं तेच म्हणणार."

मी तिला बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "कधीपासून?"

शबानाकडे उत्तर तयार होतं. किती दिवस झाले, रोज किती वाजता सुरू होतं, किती वाजता सुधारतं, सगळं तिनं धडाधड सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत अशी तक्रार कुणी आणलीच नव्हती, असं त्या मला नंतर म्हणाल्या. दुखणं दुपारचं आहे तर दुपारीच बघायचं असं ठरलं. मे महिना होता, बाहेर लू वाहत होती. बाई तीन वाजता डबा घेऊन सहाव्या मजल्यावर हजर.

पहिल्या दिवशी त्यांनी जुनी वायर काढून आपली लावली. दहा मिनिटं थांबल्या, मोजलं, स्पीड उत्तम. शबानाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच रडगाणं. मग बाईंनी वाय-फायचा चॅनेल बदलला, कारण आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी एकाच चॅनेलवर होती. दहा मिनिटं, चहा, स्पीड उत्तम. पुढच्या दिवशी पुन्हा नेट आडवं. मग इम्तियाजच्या फोनमधले फोटो आपोआप कुठे तरी चढत होते, ते बंद केलं. स्पीड उत्तम. बाई घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी अडीचला शबानाचा फोन, काकू, परत गेलं.

बाई असल्या की नेट सुतासारखं सरळ आणि बाई गेल्या की वाकडं. मी थट्टेनं म्हणालो, की तुम्ही तिथेच राहायला जा, नेट तुम्हाला घाबरतं. एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. इम्तियाज सरळ दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचं म्हणत होता, पण ते यायला दहा-बारा दिवस लागणार होते आणि शबानाकडे तेवढे दिवस उरले नव्हते. बाईंकडेही फार दिवस नव्हते. गाझियाबादला त्यांचा धाकटा भाऊ वहिनी गेल्यापासून एकटा होता, आणि जूनच्या पहिल्या तारखेला बाईंनी कायमचं तिकडे जायचं नक्की झालं होतं. ही तक्रार अर्धवट टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

चौथ्या खेपेला शनिवार होता, म्हणून मीही बरोबर गेलो. राउटर बाल्कनीच्या दाराशी कोनाड्यात होता, कारण बाहेरची तार तिथूनच आत येत होती. त्यावर बाईंची निळी दुलई. आम्ही पोचलो तेव्हा झोया किरकिर करत होती. बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि दोन मिनिटांत पोर गाढ झोपलं. आता उठायची सोय नाही. बाई हळू आवाजात म्हणाल्या, की मी उठत नाही, आहे तसंच आधी मोजून घे. शबानानं मोजलं. काहीच येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदाच बाईंच्या देखत नेट बंद पडलेलं होतं. मग बाईंनी तिला डबीचे दिवे कुठले लागलेत ते वाचायला सांगितलं. शबानानं दुलई उचलली आणि चटकन हात मागे घेतला.

"काकू, ही केवढी तापलीय."

 बाईंनी ती दुलई आपल्याकडे मागितली आणि हातात धरून बसल्या. मला अजून कळलं नव्हतं. दहा मिनिटांनी शबानानं पुन्हा मोजलं, तर स्पीड उत्तम. कुणी कशालाही हात लावला नव्हता, फक्त दुलई निघाली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी बाई यायच्या, दिवे बघायला म्हणून आपल्या हातानं दुलई काढून बाजूला ठेवायच्या, मग एक गोष्ट बदलायच्या आणि दहा मिनिटं थांबायच्या. तेवढ्यात डबी निवायची. जाताना धूळ नको म्हणून त्याच हातानं पुन्हा दुलई घालायच्या. थंडीत याचा काही त्रास नव्हता. मेच्या दुपारी, पश्चिमेच्या कोनाड्यात, तीन थरांच्या गोधडीखाली त्या यंत्रानं तरी काय करायचं?

बाईंनी त्यावरही विश्वास ठेवला नाही. दुलई पुन्हा घालायला लावली, अर्धा तास थांबल्या, स्पीड कोसळला. काढायला लावली, सुधारला. असं तीनदा केलं. मग म्हणाल्या, "मी रोज दोन गोष्टी बदलत होते. एक मोजत होते आणि दुसरी माझ्याच हातातली होती, ती मोजलीच नाही." आवाज स्थिर होता, पण झोयाच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला होता. शबाना सारखी म्हणत होती, काकू, असू द्या हो, सापडलं ना. मला बाईंचं इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाच पाणी पिऊन आलो.

त्याच संध्याकाळी त्या बाकीच्या सोळा घरी गेल्या. मी बरोबर चलतो म्हणालो तर नको म्हणाल्या. प्रत्येक दारात त्यांनी एकच सांगितलं, की मी दिलेल्या दुलईनं तुमचं नेट मंद होतंय, ती परत द्या, चूक माझी. मी आमच्या दारात उभा राहून जिन्यातून ते ऐकत होतो. कुणी हसलं, कुणी हळहळलं. मल्होत्राजींच्या बायकोनं ती दुलई कधीच चहाच्या किटलीवर चढवली होती आणि ती काही परत देईना. किटलीवर चालेल, असा बाईंनी निकाल दिला. सोळा दुलया काखेत घेऊन त्या वर गेल्या.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण शबानाच्या नावावर उशीर लागलेलाच होता. म्हणून आणखी चार दिवस मोजून झाल्यावर बाईंनी पुण्याच्या साहेबांना पत्र लिहायचं ठरवलं आणि ते टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. मी आनंदानं सजावटीला लागलो. बाईंनी माझं एकेक विशेषण काढून टाकलं. राहिलं ते असं होतं: "श्रीमती मुजावर यांच्या कामास झालेल्या विलंबात त्यांचा दोष नाही. मी शिवून दिलेल्या आवरणामुळे यंत्र तापून वेग मंदावत होता. आवरण काढले आहे. त्यानंतर रोज दुपारी तीन वाजता तपासले, वेग पूर्ववत आहे. दोष माझ्या बाजूचा होता." खाली पूर्ण सही, आणि निवृत्त, तक्रार विभाग.

मी म्हणालो, बाई, यंत्रात दोष होता एवढं लिहिलं तरी भागेल. तुमचं नाव कशाला गोवता? त्यांच्या फर्मला काय करायचंय दुलईशी?

"यंत्रात दोष होता असं उद्या कुणीही लिहील," बाई म्हणाल्या. "ते वाचून त्यांना वाटेल, मुलीनं म्हातारीकडून सारवासारव करून घेतली. दुलईचं कुणी खोटं सांगणार नाही. त्यावर त्यांचा विश्वास बसेल."

मी मुकाट्यानं तसंच टाईप केलं. पत्र गेलं. उत्तर आलं नाही. शबानाचे नकाशे मात्र रोज सहाच्या आत जात राहिले. बाई रोज तीनला वर जाऊन, कशालाही हात न लावता, फक्त मोजून खाली यायच्या.

मग एक जून उजाडला. बरंचसं सामान टेम्पोत चढवून झालं होतं, बाईंची टॅक्सी गेटाशी उभी होती. लिफ्ट त्यांच्याच शेवटच्या पेट्यांनी अडली होती. आम्ही सगळे खाली जमलो होतो, मल्होत्राजी टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते शिकवत होते. तेवढ्यात जिन्यातून शबाना धावत आली, कडेवर झोया, पायात चपला नाहीत, धाप लागलेली. पुण्याहून आत्ताच फोन आला होता. वर्षाचा करार पक्का. साहेब म्हणाले होते, की पत्र वाचलं आणि त्यानंतरच्या कामाच्या वेळाही बघितल्या. शबाना हे सांगता सांगता हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि झोया आईचं तोंड बघून टाळ्या वाजवत होती.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. दोन्ही हातांत शबानाचा चेहरा धरला आणि नुसत्या बघत राहिल्या. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला तरी त्यांनी हात काढले नाहीत.

"एकतीस वर्षं लोकांच्या लाईनी चालू करून दिल्या गं," त्या म्हणाल्या. "लाईन चालू झाली की माणूस फोन ठेवून देतो. इथेसुद्धा नेट सुरू झालं की जो तो स्क्रीनकडे वळतो, आणि त्यात चूक काही नाही, तेवढ्यासाठीच तर करायचं. पण काम झाल्यावर माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. तू सहा मजले उतरून दाखवायला आलीस."

मग त्या टॅक्सीत बसल्या. जाताना मागे वळून बघण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी वळणापर्यंत मागच्या काचेतून त्यांचा चेहरा आमच्याकडे होता. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. फाईली यायची वेळ झाली होती, आणि शबाना त्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहून टॅक्सी वळेपर्यंत झोयाचा हात हलवत होती.